दोन हजार म्हणजे किती?

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांच्या बलाबलाची एक यादी स्वीडनमधील काही हौशी मंडळींनी १९८४ साली प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्या काळचे असे यंत्र म्हणजे चौसष्ट घरांचा एक पट, कडेला लुकलुकणारे लाल दिवे आणि पोटात नखाएवढी चिप. दोन यंत्रे शेजारी ठेवली तरी ती आपसात बोलत नसत. एकाने खेळी दाखवली की माणसाने ती हाताने दोन्ही पटांवर करायची आणि दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसायचे. चाळीस खेळ्यांना दोन तास हा स्पर्धेचा नियम पाळायचा म्हटल्यावर एकेका डावाला माणसाची अख्खी संध्याकाळ जाई. असे हजारो डाव या मंडळींनी मानधनाची अपेक्षा न धरता आपापल्या घरी खेळवले आणि प्रत्येक यंत्राच्या नावापुढे एक आकडा मांडला. कुणाचा सोळाशे, कुणाचा अठराशे, कुणाचा दोन हजार.

पेडण्याच्या एका मुख्याध्यापकाला स्वीडनच्या यादीशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. माझा जन्म आकडे मांडण्यात गेला आहे. पस्तीसाला पास आणि चौतीसाला नापास ही रेघ मी वर्षानुवर्षे ओढत आलो. म्हणून आकडे कसे मांडावेत हे इतरत्र कुणी मन लावून केले आहे असे दिसले की मी थांबून पाहतो. त्या यादीतला पहिला नंबर कोणाचा याचे मला फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते तिच्या रकान्यांचे. यंत्राच्या आकड्यापुढे ‘अधिक इतके, उणे इतके’ अशी चुकीची मर्यादा छापलेली असते. हा आकडा किती डावांवरून काढला तेही असते. आणि समोरचे प्रतिस्पर्धी सरासरी किती बळाचे होते याचाही रकाना असतो. माझ्या सहीने बाहेर पडलेल्या एकाही गुणपत्रिकेवर अधिक-उणे छापलेले नव्हते.

या आकड्यामागचे गणित अर्पाद एलो यांचे. ते मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवीत आणि स्वतः चांगले खेळाडू होते. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० साली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म सोपे आहे. दोघांच्या आकड्यांत दोनशेचा फरक असेल तर वरचा खेळाडू शंभर डावांत सुमारे शहात्तर गुण मिळवील. चारशेचा फरक असेल तर सुमारे एक्याण्णव. बस, एवढेच ही पद्धत सांगते. सगळे काही फरकात आहे. शून्य कुठे धरायचे हे कुणीही ठरवावे. उद्या साऱ्या खेळाडूंच्या आकड्यात हजार मिळवले तरी एकाही डावाचे भाकीत बदलणार नाही. तेव्हा ‘या यंत्राचे बळ दोन हजार’ हे वाक्य ‘या दगडाचे वजन दोन किलो’ यासारखे दिसते खरे, पण तसे ते नाही. ते ‘हा माझा मावसभाऊ’ या जातीचे वाक्य आहे. कुणाचा मावसभाऊ, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

आणि इथेच जुन्या-नव्याची पंचाईत सुरू होते. जे एकमेकांशी खेळतात त्यांचा एक मेळा बनतो. त्या मेळ्याच्या आत आकडे बरोबर चालतात. पण दोन मेळे वेगळे असले, मधे येजा नसली, की या मेळ्यातले दोन हजार आणि त्या मेळ्यातले दोन हजार यांचा संबंध तुटतो. फिडेला हा अनुभव फार अवघड जागी आला. महिला खेळाडू बहुतेक आपसातच खेळत, त्यामुळे त्यांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांशी जुळत नाहीत, असे ठरवून १९८७ च्या जानेवारीत सर्व महिलांना एका फटक्यात शंभर गुण वाढवून देण्यात आले. अपवाद फक्त हंगेरीच्या सुझान पोल्गार हिचा. कारण ती पुरुषांतच खेळत असे, तिचा आकडा आधीच ‘खरा’ आहे, असे म्हणणे. तर्क म्हणून ते चुकीचे नव्हते. पण एकही खेळी न होता तिचे महिलांतील अग्रस्थान गेले. ज्या मुलीने दोन मेळ्यांमधला साकव स्वतःच्या पायांनी ओलांडला, तिच्याच वाट्याला हे यावे! आपल्याकडे रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हाही केवढा गहजब झाला होता. अखेर फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे यांना महिलांना अशी बंदी घालता येणार नाही असा निर्वाळा द्यावा लागला. दोन मेळे परस्परांना मोजता येतात ते अशा साकव ओलांडणाऱ्यांमुळे. त्यांनी दिलेली किंमत यादीत कुठे दिसत नाही.

स्वीडनच्या मंडळींनी सुरुवातीला आपली यंत्रे माणसांच्या स्पर्धांत बसवून यादीचा पाया माणसांच्या आकड्यांवर टेकवला होता. पुढे यंत्रे यंत्रांशीच खेळत राहिली, नवे यंत्र कालच्या यंत्राला हरवून वर चढत गेले आणि पायरीवर पायरी रचली गेली. १९९० नंतरच्या दशकात माणसांशी पुन्हा सामने झाले तेव्हा ध्यानात आले की वरचे आकडे फुगले आहेत. २००० साली त्यांनी सगळी यादी शंभर गुणांनी खाली आणली. मला हे मोठेपण वाटते. आपली मोजपट्टी आखडली किंवा ताणली गेली आहे हे मान्य करून सर्वांसमक्ष ती दुरुस्त करणे सोपे नसते. फिडेनेही मार्च २०२४ मध्ये असेच केले, मात्र उलट दिशेने. दोन हजारांच्या खालच्या सर्वांना, दोन हजारांना जितके कमी पडत होते त्याच्या चाळीस टक्के वाढवून मिळाले. पंधराशेचा मुलगा रात्रीत सतराशेचा झाला. सकाळी उठून खेळला असेल तो कालच्यासारखाच.

आता खुद्द यंत्रांकडे येऊ. जुन्या यंत्राची आणि माणसाची तुलना करता एक फरक मोठा आहे. यंत्र म्हातारे होत नाही आणि शहाणेही होत नाही. आमच्या एका शेजाऱ्याने, तो बोटीवर तारवटी होता, ऐंशीच्या दशकात असा एक पट आणला होता. तो आजही कपाटातून काढून पेट्या घातल्या की त्याच चुका त्याच आत्मविश्वासाने करतो. त्याला आजच्या साध्या मोबाईलसमोर बसवता येते. म्हणजे १९८५ आणि आज हे दोघे एका पटावर प्रत्यक्ष येऊ शकतात. माणसांत हे होत नाही. १९८५ चा तरणाबांड खेळाडू आणून आजच्या पोराशी खेळवण्याची सोय देवाने ठेवलेली नाही.

मग यंत्रांपुरता तरी प्रश्न सुटला ना? नाही. कारण मोबाईल जिंकला तर जिंकले कोण? त्या यादीत कार्यक्रमाचे नाव कधी एकटे येत नाही. तो कोणत्या संगणकावर, किती वेगाच्या चिपवर चालवला ते शेजारीच लिहिलेले असते. एकच कार्यक्रम दोन संगणकांवर चालवला तर यादीत त्याच्या दोन नोंदी होतात आणि दोन आकडे. यंत्राची बुद्धी आणि त्या बुद्धीला मिळालेली साधने अशी ही जोडी आहे. ही जोडी सोडवून पाहता येते, जुना कार्यक्रम नव्या वेगवान संगणकावर बसवून. तो पूर्वीपेक्षा चांगला खेळतो. म्हणजे त्याच्या जुन्या आकड्यातला काही भाग त्याचा नव्हता, त्याच्या गरिबीचा होता.

पण इथे लगेच ‘सगळा परिस्थितीचा खेळ’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि तोही टिकत नाही. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला डीप ब्ल्यू या यंत्राने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरवले, तेव्हा ते सेकंदाला वीस कोटी स्थिती तपाशीत होते. पुढे बारा वर्षांनी, २००९ साली, ब्वेनोस आयरेसच्या एका स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ नावाचा कार्यक्रम साध्या मोबाईलवर चालत माणसांविरुद्ध दहापैकी साडेनऊ गुण मिळवून पहिला आला. तो सेकंदाला वीस हजार स्थितीसुद्धा पाहत नव्हता. म्हणजे डीप ब्ल्यूच्या वेगाचा दहा हजारावा हिस्सा. कोणत्या वाटा पाहायच्याच नाहीत हे त्याला कळत होते. नवे बळ केवळ नव्या साधनांचे नसते. मधल्या काळात जमलेल्या शहाणपणाचेही असते. जुन्याचा अभिमानी आणि साधनांचा हिशेब मांडणारा, दोघांनाही हे उदाहरण गैरसोयीचे आहे.

डीप ब्ल्यूविषयी आणखी एक. त्या सामन्यानंतर ते पुन्हा खेळलेच नाही. त्याची दोन कपाटे आज अमेरिकेतील दोन संग्रहालयांत उभी आहेत. मोजके डाव खेळलेल्याला खात्रीचा आकडा कसा देणार? देता येत नाही. पण म्हणून त्याला बळ नव्हते असे कुणी म्हणत नाही, कारण साऱ्या जगाने ते पाहिले होते. पंजाबातले मीर सुलतान खान आपल्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढले. त्यात प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे नाहीत आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. ते १९२९ साली इंग्लंडला गेले आणि ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले. त्यांच्या हयातीत फिडेचे मानांकन निघाले नाही. १९६६ साली ते वारले, आणि सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब त्यांच्या नावे २०२४ साली झाला. हे झाले जगाने पाहिलेल्यांचे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात सातवी-आठवीतून पट सोडून ट्रकवर गेलेली मुले मी पाहिली आहेत. गणितात त्यांची बोटे नुसती धावत. ती कुठल्या यादीत शोधायची?

याउलट संधीने काय होते तेही गोव्याने पाहिले. लिऑन मेंडोंसा हा आपला मुलगा मार्च २०२० मध्ये वडिलांबरोबर स्पर्धांसाठी युरोपात होता. टाळेबंदीमुळे हंगेरीत अडकला. तिथे राहून एकामागून एक स्पर्धा खेळत गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस, वयाच्या चौदाव्या वर्षी, अनुराग म्हामलनंतरचा गोव्याचा दुसरा ग्रँडमास्टर होण्याइतके निकष पूर्ण करून बसला. अडकलेली मुले पुष्कळ असतील, ग्रँडमास्टर तो झाला. तेव्हा श्रेय त्याचेच. पण त्याच महिन्यांत आमच्या तालुक्यात पट उघडायला जागा नव्हती, हेही आकड्यात मिसळलेले आहे.

ही सगळी चर्चा माझ्या टेबलावर आली ती वेगळ्याच निमित्ताने. शाळेच्या वर्धापनाची तयारी चालली होती. व्यवस्थापन समितीतील एका उत्साही सदस्याने सुचवले की ‘शाळेचे आजवरचे सर्वश्रेष्ठ दहा विद्यार्थी’ असा फलक लावू या, एस.एस.सी.च्या टक्केवारीने क्रम लावायचा, वाद नको. लिपिकाने पाच मिनिटांत यादी काढून दिली. दहाही नावे गेल्या पंधरा वर्षांतली. जुन्यांपैकी एकही नाही. ज्येष्ठ सदस्य उसळले.

“सर, आमच्या वेळचे साठ म्हणजे आताचे नव्वद!”

“ते कुणी ठरवलं, काका?” तरुण सदस्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. एकही खेळी न होता काकांनी तीस गुण वाढवून घेतले होते, फिडेने शंभर वाढवले तसेच. पण तरुणाची यादीही काही न खेळलेल्या सामन्यांचेच निकाल जाहीर करीत होती. आमच्या फलकावरची पहिली नावे तर गोवा बोर्ड १९७५ साली स्थापन होण्यापूर्वीची, पुणे बोर्डाच्या जुन्या अकरावीची. त्यांच्याही आधी या भागात पोर्तुगीज ‘प्रिमेर ग्राव’, ‘सेगुंद ग्राव’ झालेली आणि मॅट्रिकसाठी सावंतवाडी-बेळगाव गाठणारी माणसे होती. परीक्षा वेगळी, वर्ग वेगळा, भाषासुद्धा वेगळी. आणि नाव सगळ्यांचे एकच, ‘टक्के’.

मी एक प्रयोग केला. माझ्या विद्यार्थिदशेतली गणिताची एक जुनी प्रश्नपत्रिका दहावीच्या मुलांना सोडवायला दिली. लॉगची कोष्टके त्यांनी पाहिलेलीच नव्हती, तिथे ती अडली. भूमितीतल्या लांबलचक सिद्धतांना कंटाळली. पण जिथे विचार करून आकृती काढायची होती तिथे दोघीतिघींनी अशा वाटा काढल्या की त्या माझ्या वर्गात कुणाला सुचल्या नसत्या. यावरून काय ठरले? फार थोडे. नव्यांना जुन्यांच्या पटावर बसवता आले; जुन्यांना नव्यांच्या पटावर बसवता येणार नव्हते. अर्धाच सामना झाला.

कुणी म्हणेल, समोरासमोर खेळण्याची गरजच काय? खेळी चांगली की वाईट हे तिच्यातच असते. तपासणारा हुशार असला म्हणजे झाले. स्लोव्हेनियाच्या मातेय गुईद आणि इव्हान ब्रात्को यांनी २००६ साली नेमके हेच केले. क्राफ्टी नावाच्या कार्यक्रमाकडून जुन्या-नव्या जगज्जेत्यांच्या खेळ्या तपासून घेतल्या, आणि त्यात काही वर्षांपूर्वी नव्हे, १९२१ साली जगज्जेता झालेला कापाब्लांका सर्वांत निर्दोष ठरला. त्यावर आक्षेप आला तो शिक्षकाला लगेच कळावा असा, की तपासनीसच परीक्षार्थ्यांपेक्षा कच्चा होता. आज तपासनीस पक्का आहे. स्टॉकफिश यंत्रांच्या याद्यांत छत्तीसशेच्या आसपास आहे, तर माणसांतला आजवरचा उच्चांक मॅग्नस कार्लसनचा, २८८२, मे २०१४ मधला. तेव्हा खेळी किती अचूक हे आता बरेचसे सांगता येते, आणि ते सांगितले की नवे खेळाडू सर्वसाधारणपणे वरचढ दिसतात. हे मान्य करण्यात जुन्यांचा अपमान मला वाटत नाही. नव्यांनी जुन्यांचे डाव पाठ केले, मग त्यांना मागे टाकले. स्टॉकफिशची प्रत्येक सुधारणा आदल्या स्टॉकफिशशी हजारो डाव खेळून जिंकल्यावरच पदरात घेतली जाते. हरणारा नसता तर जिंकणारा घडला नसता. शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी असे आपल्याकडे गुरूला सांगितलेच आहे.

म्हणून माझ्या मते प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकाच आकड्याला विचारतो. हा किती चांगला खेळतो, हा एक. ह्याने किती केले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नव्याच्या बाजूने लागले तरी दुसऱ्याचे तसेच लागेल असे नाही, आणि उलटही नाही. नोकरीला माणूस निवडताना पहिला प्रश्न विचारावा. रोग्याला डॉक्टर आजचा हवा, चाळीस वर्षांपूर्वीचा कितीही कष्टाळू असला तरी. मान देताना दुसरा विचारावा. शाळेचा फलक हा मानाचा प्रकार आहे, तिथे आम्ही पहिल्याचा आकडा लावायला निघालो होतो.

याने कुणाचे काय बिघडते, असे मला समितीत विचारले गेले. मी एका पालकाचे उदाहरण दिले. नाव दिले नाही, इथेही देत नाही. चोपड्याचा पूल होण्यापूर्वीचा हा आमचा विद्यार्थी. सकाळी वडिलांबरोबर बाजारात भाजी पोचवून फेरीबोटीने परत येऊन शाळेत बसे. त्याला अठ्ठेचाळीस टक्के होते. पुढे बार्जवरची इंजिने दुरुस्त करण्यात त्याने नाव काढले. बिघाड आवाजावरून ओळखतो. मुलीला एक्याण्णव टक्के पडले तेव्हा पेढे घेऊन आला आणि तिच्यादेखत म्हणाला, “आईवर गेली हो सर, माझ्यावर नाही. मी मठ्ठ.” तो थट्टेत बोलत नव्हता. चाळीस वर्षे तो ते मानत आला होता, आणि मुलगी मान हलवीत होती. त्या अठ्ठेचाळिसापुढे फेरीबोट लिहिलेली नव्हती, अधिक-उणेही नव्हते.

सर्वश्रेष्ठ दहांचा फलक झाला नाही. त्याऐवजी वर्षवार नावे लावायचे ठरले: साल, कोणती परीक्षा, आमच्या शाळेतून किती बसले, किती पास झाले आणि पहिले कोण. टक्केवारी लहान अक्षरांत. तरुण सदस्याने एक रकाना स्वतःहून सुचवला, पहिल्या आलेल्याच्या घरापासून शाळेचे अंतर. काकांनी त्यात ‘वाहन’ हा शब्द घालायला लावला. पेंटरने जागा पुरणार नाही म्हणून कुरकूर केली, मग अक्षर बारीक करून बसवले.

रंग वाळत आहे. एक रकाना मात्र कोराच ठेवला आहे. २०२१ साली साथीमुळे परीक्षाच झाली नाही. शाळेतल्या मूल्यमापनावरून निकाल लागले. त्या वर्षी पहिले कोण लिहावे यावर दोन बैठका झाल्या. आता त्या तुकडीच्या मुलांनाच बोलावून विचारणार आहोत.